ऐकू येतं, पण कळत नाही
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



आपल्या सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘ठेवी आणि वारसनोंद’. बँकेत सदतीस वर्षं काढल्यावर माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार! पण त्यांची क्षमा मागून मी आज विषय बदलतो. वारसनोंद तुम्ही सगळ्यांनी करून टाका, एवढं एका वाक्यात सांगितलं म्हणजे तो विषय संपला.

माझी नात पुढच्या महिन्यात म्हैसूरला निघाली आहे. तिथल्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत ती श्रवणशास्त्रात एम.एस्सी. करणार. ही संस्था १९६५ सालची. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, ती १९८३ ची. तिथून तिनं चार वर्षांची पदवी घेतली, त्यात एक वर्ष इंटर्नशिपचं. डोंबिवली ते दादर, दादरला गाडी बदलून वांद्रे, अशी चार वर्षं तिनं लोकलमध्ये लोंबकळत काढली. बारावीनंतर ती या शाखेला गेली तेव्हा लिफ्टमध्ये लोक मला विचारायचे, “म्हणजे नक्की काय हो? कानाची डॉक्टर?” मी हो म्हणायचो, कारण मलाही ठाऊक नव्हतं.

आता थोडंफार ठाऊक आहे. कानाचा डॉक्टर औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. श्रवणतज्ज्ञ ऐकणं मोजतो, यंत्र निवडून ते कानाला जुळवून देतो, आणि वाचातज्ज्ञ बोलणं परत आणायला मदत करतो. पदवीला दोन्ही विषय एकत्र असतात. म्हैसूरला एम.एस्सी.साठी त्यातला एक निवडावा लागतो.

प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी घरात प्रश्न विचारणारा माणूस हवा होता, आणि मी रिकामाच होतो. तिच्या वह्या घेऊन मी रोज संध्याकाळी खुर्चीत बसायचो. हातोडी, ऐरण, रिकीब ही मधल्या कानाची तीन हाडं, शरीरातली सगळ्यात छोटी. त्यांच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, तिच्यात केसासारख्या पेशी. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. डेसिबल मात्र मला पटकन कळलं. ते सरळ व्याजासारखं चढत नाही, चक्रवाढीसारखं चढतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट, वीस वाढले की शंभरपट. नात म्हणाली, “आजोबा, आमच्या वर्गात हे समजायला आठवडा लागला होता.” मी कॉलर ताठ केली.

पण एक गंमत व्हायला लागली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून उत्तरं द्यायची आणि मी म्हणायचो, “चूक.” ती वही बघायला यायची, तर उत्तर बरोबर. असं चार-पाच वेळा झालं. मग तिनं गॅस बंद केला, माझ्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाली, “मी मागे उभी राहून वीस शब्द बोलते, ऐकू येईल ते लिहा.” मी आपला लिहीत गेलो. वीसपैकी नऊ चुकले. ती ‘साठ’ म्हणाली होती, मी ‘आठ’ लिहिलं होतं.

मंडळी, हा ‘साठ’ आणि ‘आठ’ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. वरच्या टाकीच्या दुरुस्तीला खजिनदार साठ हजार म्हणाले, मी आठ हजार लिहिले. पुढच्या सभेत दुरुस्ती झाली, सगळे हसले, मीही हसलो. पण ज्या माणसानं आयुष्यभर आकडेच सांभाळले त्याला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्याच महिन्यात ‘तब्येतीच्या कारणास्तव’ मी ते काम सोडलं. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. त्याच सुमारास तक्रार वहीत कोणीतरी लिहिलं होतं की अमुक सदनिकेतला टीव्ही रात्री फार मोठा असतो. ती सदनिका माझी. मी मनात त्या शेजाऱ्यांनाच नावं ठेवली.

याचं कारण नातीनं मला कागदावर काढून दाखवलं. आपले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि नाजूक. वयोमानानं वरची पट्टी आधी जाते. म्हणून ‘साठ’मधला स गळून पडतो आणि ‘आठ’ उरतं. आवाज येतो, शब्द येत नाही. आपण म्हणतो, “ऐकू येतं हो, पण हल्लीची माणसं नीट बोलत नाहीत.”

मग मी तिच्या संस्थेत जाऊन रीतसर तपासणी केली. आवाजबंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं. शेवटी आलेख मिळतो. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. २५० हर्ट्झपाशी माझी रेघ ठीक होती, ४००० पर्यंत ती शेअर बाजार कोसळावा तशी खाली आलेली. दुखलं नाही, टोचलं नाही. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली.

प्रवेश मिळाला, आणि वाचा की श्रवण हे ठरवायची वेळ आली. मी सवयीनं जमा आणि नावे असे दोन रकाने आखून दिले. तिनं पाहिले आणि बाजूला ठेवले. म्हणाली, “आजोबा, मी श्रवणच घेणार. आजी शेवटी शेवटी तुमच्याशी कमी बोलायची, आठवतं? तिला राग नव्हता. एक गोष्ट तीनतीनदा सांगून ती दमायची. मग म्हणायची, जाऊ दे, काही विशेष नाही. मी अकरावीत होते. मला तेव्हा कळत नव्हतं, पण दिसत होतं.”

मी काही बोललो नाही. बायको गेली त्याला आता पाच वर्षं होतील. मला वाटायचं तिचा आवाज बारीक झालाय, आजारपणामुळे. तिच्या त्या ‘काही विशेष नाही’मध्ये काय काय होतं, ते आता मला कोण सांगणार? बँकेत चुकलेली नोंद उलटी नोंद करून दुरुस्त करता येते. इथे खातंच बंद झालेलं.

असो. त्यानंतर आठच दिवसांत मी दोन्ही कानांना यंत्रं बसवून घेतली. पहिले काही दिवस वैताग आला. पंखा घरघरतो, चपला फरफरतात, वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज होतो हे मी विसरूनच गेलो होतो. मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी यंत्र कपाटात टाकू नका, हे नातीनं बजावलं होतं. आज माझा टीव्ही किती मोठा असतो, ते त्या शेजाऱ्यांनाच विचारा.

आता तिची बांधाबांध चालू आहे. इंटर्नशिपचा दाखला, पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, मायग्रेशन, सगळ्याच्या तीन-तीन प्रती मी साक्षांकनासह फाइलला लावल्या. आपल्या बिल्डिंगमधल्या पोरांनी तिला पिशवीभर मणी, रिंगा, ठोकळे दिले. लहान मुलाची श्रवणचाचणी खेळातून करतात, आवाज आला की त्यानं एक मणी डब्यात टाकायचा. त्यासाठी हे सामान.

आणि मी तिला कन्नड शिकवतोय. नोकरीत तीन वर्षं हुबळीला होतो, ते आता उपयोगी पडलं. पेशंट त्याच्याच भाषेत बोलणार ना! कन्नडमध्ये ‘केळु’ म्हणजे ऐकणं, आणि विचारणं यालाही ‘केळु’च. तिनं तो शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. घरातल्या माणसाला नीट विचारावं आणि मग नीट ऐकावं, हे मला पंचाहत्तरीत उमगलं. ती तेवीसाव्या वर्षी तेच घेऊन निघाली आहे.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी. साठीनंतर डोळे तपासतो तसे कान तपासा. कानात गरम तेल, काडी, हेअरपिन घालू नका. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यावर ओरडू नका, समोर येऊन तोंड दिसेल असं सावकाश बोला. घरात बाळ आलं तर पहिल्या महिन्यातच त्याची श्रवणचाचणी करून घ्या. दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, कारण बाळ ऐकूनच बोलायला शिकतं. आणि यंदाच्या रौप्यमहोत्सवी गणपतीत स्पीकरचं तोंड इमारतीकडे नको, ही कार्यकारिणीला माझी लेखी विनंती समजावी.

शेवटचं. तुमच्या घरात कोणी “जाऊ दे, काही विशेष नाही” म्हणालं, तर जाऊ देऊ नका. खुर्ची जवळ ओढा आणि पुन्हा विचारा.

इतिवृत्त लिहायचं काम रिकामं असेल, तर मी पुन्हा घ्यायला तयार आहे. आकडे आता बरोबर येतील.