न दुखणारा कान



‘हा मुलगा मुळीच ऐकत नाही’ ही तक्रार घरोघरी कानी येते. या वाक्याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. एक, तो सांगितलेले मानत नाही. दुसरा, त्याला ते ऐकूच येत नाही. पहिल्या अर्थापायी मुले बोलणी खातात. दुसऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याविषयीच आज आम्हांला चार शब्द सांगावयाचे आहेत.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. तेथून नाकाच्या मागल्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकात इटलीतील युस्ताकी याने तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती उघडते आणि पोकळीत हवा जाते. लहान मुलांत ही नळी आखूड व आडवी असते. सर्दीने ती सुजली की मिटते आणि आत पाणी साचते. कधी ते डिंकासारखे घट्टही होते. पू झाला तर ठणक्याने मूल सारे घर जागवते. परंतु ठणका थांबला तरी पाणी मागे राहू शकते. ते दुखत नाही, वाहत नाही. कानात बोट घालावे तसा आवाज मात्र मंद होतो.

मग करावयाचे काय? बहुतेक मुलांत हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते. सर्दीच्या गोळ्यांनी ते लवकर आटत नाही. कोमट तेल तर धड पडद्यापलीकडे पोहोचतच नाही, आणि पडदा फाटलेला असल्यास अपायच करते. बरे होणे लांबते ते निराळ्याच कारणांनी : घरातील विडी-सिगारेटचा धूर, निजवून पाजलेली बाटली, वरचेवर होणारी सर्दी, नाकामागे वाढलेले अॅडिनॉइड. यांतील पहिल्या दोन गोष्टी तर सर्वस्वी आपल्याच हातच्या आहेत.

वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. तोवर मुलाला वर्गात पुढे बसवावे, त्याच्यासमोर येऊन बोलावे. तीन महिन्यांनंतरही पाणी राहिले, तर श्रवणाची तपासणी झालीच पाहिजे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल, तर पडद्यात इवलीशी नळी बसवता येते. अमेरिकेतील आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली हा उपाय पुढे आणला. ती नळी बहुधा काही महिन्यांनी आपोआप गळून पडते. दुभंगलेल्या टाळूच्या किंवा बोलण्यात मागे पडलेल्या मुलाने मात्र तीन महिने थांबू नये.

बोलणे शिकण्याचे वय थोडे असते. तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे, की मुलाला ‘ढ’ ठरविण्यापूर्वी एकदा त्याचे कान तपासून घ्यावेत.