संच टिकवणारी माणसं

आज नृत्य-नाट्याची पदवी हाती घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही. मुलगा किंवा मुलगी नाचाची पदवी घेणार म्हटल्यावर "पुढे काय?" हा प्रश्न तुमच्याआधी त्यांना विचारला गेला आणि तरीही त्यांनी तुमची फी भरली.

म्हैसूरच्या व्यासपीठावरून मराठीत बोलण्याची मुभा तुम्ही मला दिलीत, त्याबद्दल आभार. या मुभेला जुना आधार आहे. तंजावूरच्या भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज भरतनाट्यमच्या प्रयोगात आपण गृहीत धरतो, त्याची घडी या भावांनी बसवली. त्यांतले थोरले चिन्नय्या पुढे म्हैसूरला, मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या दरबारी आले. याच राजवाड्याच्या आश्रयाने नर्तकी जट्टी तायम्मा मोठ्या झाल्या, त्यांच्या हाताखाली वेंकटलक्षम्मा तयार झाल्या आणि १९६५ साली म्हैसूर विद्यापीठात नृत्याचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा वेंकटलक्षम्मांकडे आली. तंजावूरचा मराठी दरबार आणि तुमचं गाव यांचं नातं असं दोनशे वर्षांचं आहे.

आज मात्र मी राजदरबाराबद्दल बोलणार नाही. राजे गेल्यावर नृत्य ज्यांच्या जिवावर उभं राहिलं, त्या संचांबद्दल आणि ते काढणाऱ्या व चालवणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. एकटी नर्तकी आपली कला अंगावर घेऊन गावोगाव जाऊ शकते. संचाला तसं जमत नाही. वीस माणसांना तालमीला जागा लागते, रोज दोन वेळचं जेवण लागतं, कपडेपट ठेवायला खोली लागते आणि दौऱ्यावर एखाद्याचा घोटा मुरगळला तर त्याची जागा घेणारा दुसरा तयार लागतो. हे सगळं कोणीतरी करत असतं. त्या माणसाचं नाव पुष्कळदा जाहिरातीत शेवटी असतं, किंवा नसतंच.

आधी कथक नर्तकी मेनकाबाईंची गोष्ट थोडक्यात सांगतो. लीला रॉय हे त्यांचं माहेरचं नाव, मूळ बंगालच्या. त्यांचे पती कर्नल साहिब सिंग सोखी परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. कथकवर आधारलेली समूहनृत्यं घेऊन मेनकाबाईंचा संच तीसच्या दशकात युरोपभर फिरला. १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला झालेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत त्यांनी बक्षिसं मिळवली. १९३८ मध्ये त्यांनी खंडाळ्याला नृत्यालयम् सुरू केलं. महायुद्धाने दौरे थांबले, नृत्यालयम् बंद पडलं आणि १९४७ साली मेनकाबाई गेल्या. त्यांच्यानंतर संच चालवायला कोणी उरलं नाही. त्यांच्या घरी वाढलेली, लहान वयात त्यांच्याबरोबर युरोप पाहिलेली दमयंती जोशी पुढे कथकची थोर नर्तकी झाली, ती एकल नर्तकी म्हणून. मेनकाबाईंचं शिक्षण असं एका शिष्येच्या शरीरात शिल्लक राहिलं. त्यांची समूहनृत्यं मात्र बहुतेक हरवली. याची हळहळ मला आजही वाटते, कारण आपल्याकडे समूहाची रचना कशी करावी याचे ते पहिलेवहिले धडे होते.

आता अंधेरीला येऊ. १९४०च्या दशकात मुंबईच्या या उपनगरात इप्टाचं, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचं, मध्यवर्ती नृत्यपथक एकत्र राहत होतं. बंगालच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेली, राजकारणाने पेटलेली, खिशात काही नसलेली मुलंमुली. पथकाचे नृत्यरचनाकार होते शांती बर्धन. कोमिल्ल्याचे, त्रिपुरा-मणिपूरकडच्या नृत्यांवर हात बसलेला. रविशंकर तेव्हा तरुण होते, संगीताची बाजू पाहत होते. ते पथक काही वर्षांत मोडलं. १९५२ साली शांतीदांनी अंधेरीतच लिटल बॅले ट्रूप उभा केला. त्या वेळी त्यांना क्षयाने पुरतं ग्रासलेलं होतं. उठून, उडी मारून, गिरकी घेऊन दाखवणं शक्य नव्हतं. बसल्या जागेवरून, हातांच्या खुणांनी आणि शब्दांनी त्यांनी 'रामायण' बसवलं.

हे रामायण कसं होतं ते जरा जवळून पाहा, कारण तुम्ही रचनाकार होणार आहात. जत्रेत कठपुतळीचा खेळ चालला आहे अशी कल्पना. राम, सीता, रावण, सगळे जिवंत नर्तक, पण हालचाल लाकडी बाहुल्यांची. कोपर सरळ रेषेत वर जातं आणि तिथेच थबकतं. मनगट सैल लोंबतं, जणू दोरी ढिली पडली. मान वळते ती एका झटक्यात, खांदा तिच्या मागोमाग येत नाही. चेहऱ्यावर मुखवटा. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या नर्तकाचं अर्धं भांडवल म्हणजे डोळे आणि भुवया. तेच इथे काढून घेतलेलं. मग सीतेचं दुःख कशातून यायचं? मुखवटा किती अंशांनी खाली झुकतो आणि किती वेळ तसाच राहतो, त्यातून. तुमच्यापैकी ज्यांनी हे कधी करून पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे की ताठ थांबणं हे नाचण्यापेक्षा अवघड असतं. श्वास दिसू द्यायचा नसतो. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय नृत्यातल्या सर्वांत धाडसी रचनांपैकी ही एक. कुठल्याही घराण्याची मुद्रा उसनी न घेता, लहान मुलालाही कळेल अशी भाषा त्यांनी नव्याने घडवली.

१९५४ साली शांतीदा गेले. 'पंचतंत्र' अर्धवट होतं.

इथून पुढची गोष्ट गुल बर्धन यांची. मुंबईच्या गुजराती घरातली मुलगी, इप्टात आलेली, शांतीदांची पत्नी. तेव्हा त्यांनी पंचविशी जेमतेम ओलांडली होती. संच मोडावा असाच तो प्रसंग होता. प्रवर्तक गेला होता, पैसे नव्हते. पण मंडळी पांगली नाहीत. 'पंचतंत्र' त्यांनी पुरं केलं. रचनेची बाजू प्रभात गांगुलींनी सांभाळली, आणि बाकी सगळं, म्हणजे कपडे, पत्रव्यवहार, दौरे, जेवण, भांडणं मिटवणं, नव्या मुलांना जुनी भूमिका शिकवणं, यात गुलदीदी गुंतल्या. 'रामायण' देशोदेशी गेलं. मुंबईत जागेची अडचण झाली तेव्हा संच ग्वाल्हेरला हलला, पुढे भोपाळला. श्यामला हिल्सवर रंगश्री लिटल बॅले ट्रूप म्हणून त्याने कायमचं घर केलं. २०१० साली गुलदीदींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. शांतीदांनी हा संच जेमतेम दोन वर्षं चालवला. गुलदीदींनी तो छप्पन्न वर्षं चालवला.

या दोन आकड्यांवर थोडं थांबा. आपण नृत्याचा इतिहास लिहितो तेव्हा दोन वर्षांवर प्रकरण लिहितो आणि छप्पन्न वर्षांवर तळटीप. मला हे अन्यायाचं वाटतं. भूमिका करणारी माणसं बदलत गेली, तरी नव्या मुलाची मान त्याच झटक्याने वळली पाहिजे, हे दशकानुदशकं बघणारा डोळा लागतो. तो डोळाही कलावंताचाच असतो.

तिसरी गोष्ट मराठी माणसाची आहे आणि ती तंजावूरला जोडलेली आहे. पार्वतीकुमार मुंबईत चंद्रशेखर पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकले आणि 'देख तेरी बंबई'सारख्या नृत्यनाट्यांमुळे नावारूपाला आले. नृत्यनाट्यात त्यांचा हात चालता होता, प्रसिद्धी होती. अशा वेळी त्यांचं लक्ष सरफोजी महाराजांच्या मराठी रचनांकडे गेलं. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली ही निरूपणं मुळात नाचण्यासाठीच रचलेली. एका निरूपणात जयजय, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना, जक्किणी असे करत मंगळापर्यंत अठरा प्रकार येतात आणि सगळे एकाच रागात, एकाच तालात, एकाच कथासूत्रात बांधलेले. शब्द होते. राग-ताल लिहिलेले होते. पण पाय कसा पडत होता, हात कुठे जात होता, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पार्वतीकुमारांनी आयुष्याची अनेक वर्षं देऊन ते नृत्य पुन्हा बसवलं, मुंबईत तंजावूर नृत्यशाळा काढली आणि 'तंजावूर नृत्यप्रबंध' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या मराठी रचना रंगमंचावर नेल्या, हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम करण्याची नृत्यगंगा ही वाट काढली आणि १९८८ साली पुण्यात कलावर्धिनी ही संस्था उभी केली. गुरूने जुनं शोधलं, शिष्येने त्यातून नवं केलं. ज्यांना वाटतं की परंपरा आणि आधुनिक नृत्य या दोन वेगळ्या गाड्या आहेत, त्यांनी हे काम पाहावं.

तुमच्या कर्नाटकातली गोष्ट सांगितली नाही तर हे भाषण अपुरं राहील. माया राव बंगळूरच्या. शंभू महाराजांकडे कथक शिकल्या, आणि १९६० मध्ये मॉस्कोला जाऊन नृत्यरचना हा विषय म्हणून शिकल्या. आपल्याकडे तोवर रचना ही गुरूच्या डोक्यात घडायची. तिचा अभ्यासक्रम असू शकतो ही कल्पनाच नवी होती. परत येऊन त्यांनी दिल्लीत नृत्यरचनेची संस्था काढली आणि १९८७ मध्ये ती बंगळूरला आणली. त्यांच्या कन्या मधू नटराज यांनी १९९५ साली स्टेम डान्स कंपनी सुरू केली. आई रचनाकार घडवत होती, मुलीने त्या रचनांना राहायला संच दिला. आणि तुमच्या अगदी दाराशी रंगायण ही नाट्यसंस्था आहे. ब. व. कारंतांनी १९८९ साली म्हैसुरात ती सुरू केली. कारंत गेले, संचालक बदलत राहिले, रंगायण चालू आहे. तिथल्या नटांना रोज सकाळी कामावर यायचं असतं आणि महिन्याला पगार मिळतो. कलावंताला नियमित पगार मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तिची किंमत ज्यांना तो मिळाला नाही त्यांना विचारा.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले काही स्वतःचा संच काढतील. बहुतेक जण दुसऱ्याने काढलेल्या संचात जातील, आणि त्याबद्दल मनात कमीपणा बाळगतील. कृपा करून बाळगू नका. पण जो काढेल त्याला माझ्या काही विनंत्या आहेत. नर्तकांचे पैसे आधी द्या, पडद्याचं आणि प्रकाशयोजनेचं बिल नंतर. तालमीला उशीर झाला तर मुलींच्या घरी परतण्याची सोय तुम्ही करायची. ती त्यांची खासगी अडचण समजू नका. रचनेचं श्रेय ज्यांच्या अंगावर ती घडली त्यांनाही द्या, कार्यक्रमपत्रिकेत नावानिशी. आणि पहिल्याच वर्षी ठरवा, तुम्ही नसताना तालीम कोण घेईल. मेनकाबाईंना ते ठरवायची उसंत मिळाली नाही. शांतीदांच्या बाजूला गुलदीदी होत्या.

जो दुसऱ्याच्या संचात जाईल त्याच्याकडे माझी विनंती जास्त मोठी आहे. सरफोजी महाराजांनी शब्द लिहून ठेवले म्हणून दीडशे वर्षांनी पार्वतीकुमारांना ते सापडले. हालचाल लिहिली नव्हती म्हणून ती त्यांना नव्याने शोधावी लागली. आज तुमच्या खिशात कॅमेरा आहे. प्रयोगाचं चित्रण सगळेच करतात. तुम्ही तालमीचं करा: गुरू कुठे अडवतात, काय बदलतात, एकच हात पाच वेळा का करून घेतात. त्याला तारीख, ताल आणि नर्तकांची नावं जोडा. सोबत एक वही ठेवा.

आणि हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. म्हैसुरात वेंकटलक्षम्मांकडे थेट शिकलेल्या ज्येष्ठ नर्तकी अजून आहेत. पदवीचा हा झगा उतरवून ठेवलात की या आठवड्यातच त्यांच्यापैकी एकीला फोन करा, वेळ मागा, आणि वही घेऊन जा.