कागदावरचे इंग्रजी आणि तोंडचे इंग्रजी



इंग्रजी भाषेवर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसाला बोलावावे, यात धाडस चालकांचे अधिक की आमचे, हे व्याख्यान संपल्यावर आपणच ठरवा. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिंतूरच्या अडत बाजारात, पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. ज्याला ठेच लागली आहे तो निदान वाटेतला दगड तरी दाखवू शकतो, एवढाच आमचा अधिकार.

ती ठेच कोणती, हे आधी सांगतो. पंचवीसएक वर्षांमागची गोष्ट. कापसाच्या एका कारखान्यात कामगारांचा संप चालू होता. हंगाम संपल्यावर घरी बसावे लागते, त्या महिन्यांसाठी काही भत्ता मिळावा, अशी मागणी होती. नवव्या दिवशी मालकाचे इंग्रजी पत्र आले. आम्ही नुकतेच इंग्रजी वाचू लागलो होतो, आणि नव्या शिकणाऱ्याला असतो तेवढा गर्व आम्हांला होता. फाटकावर उभे राहून आम्ही पत्राचा अर्थ सांगितला, "व्यवस्थापन भत्त्याचा विचार करील." टाळ्या पडल्या, संप मागे घेतला गेला. हंगाम संपला, भत्ता आला नाही. पत्र घेऊन आम्ही परभणीला वकिलांकडे गेलो. त्यांनी एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. तो शब्द होता 'मे'. 'शॅल कन्सिडर' असते तर विचार करणे मालकावर बंधनकारक झाले असते. 'मे कन्सिडर' म्हणजे वाटले तर करू, न वाटले तर नाही. (न्यायालये प्रसंगी या शब्दांचा निराळा अर्थही लावतात, तो भाग आम्ही वकिलांवर सोडतो.)

आम्ही परत येऊन कामगारांपुढे चूक कबूल केली. एक म्हातारे हमाल म्हणाले, "भाऊ, मंग मे महिना आला की भेटंल का?" सगळे हसले. आम्हांला हसू आले नाही. त्या माणसाच्या घरचे चार महिन्यांचे धान्य एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दात अडकले होते, आणि तो शब्द आम्ही चुकीचा वाचला होता. त्या दिवसापासून आम्ही इंग्रजी शिकू लागलो. त्यापूर्वी मिरवत होतो.

कागदाची भाषा आपली नसणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. निजामाच्या राज्यात आधी फारसी होती, मग उर्दू आली. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. आमचे वडील शाळेत उर्दूच शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते राज्य गेले, १ मे १९६० रोजी आपला महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. तरीही २०२३ साली निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम निघाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस मिळवताना केवढी धावपळ झाली, हे आपण पाहिले आहे. आपल्याच आजोबांची नोंद, आणि ती वाचायला दुसऱ्याचे डोळे! आज ती जागा इंग्रजीने घेतली आहे. नेमणुकीचे पत्र, विम्याची अट, बँकेचा करार हे कागद आपल्याकडे बहुधा इंग्रजीतच येतात. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाजही इंग्रजीत चालते. भाषा बदलली, सही मात्र आपलीच राहिली.

आता शिकावे कसे? आमचा अनुभव असा की इंग्रजी दोन आहेत. एक तोंडचे, दुसरे कागदावरचे. जो दोन्ही एकच समजतो तो दोन्हींत फसतो.

आधी तोंडचे घेऊ. त्यात आपण चुकतो ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर आपली मराठी आत बसून बोलत असते म्हणून. आपल्या मराठीत 'आहे' सगळीकडे आहे. "माझ्याकडे दोन बैल आहेत," "मला ठाऊक आहे." त्या सवयीने आपण "आय ॲम हॅविंग टू बुलक्स," "आय ॲम नोइंग" असे बोलून जातो. इंग्रजीला तिथे 'ॲम' नको असते. "आय हॅव," "आय नो," एवढे पुरते. आपण साहेबांना आदराने "साहेब आले आहेत" म्हणतो आणि त्याच आदराने "सर हॅव कम" म्हणतो. इंग्रजीत साहेब कितीही मोठा असो, तो एकच, "सर हॅज कम." आपण "तुम्ही येणार ना?" म्हणतो आणि तो 'ना' तसाच उचलून "यू आर कमिंग, नो?" असे विचारतो. आपला एक 'ना' सगळ्या क्रियापदांना चालतो. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला त्याचे स्वतःचे शेपूट असते, इथे ते "आरन्ट यू?" असे आहे.

'ए' आणि 'द' यांनी आम्हांला फार छळले. मराठीत असले काही नाहीच, अशी आमची समजूत होती. एके दिवशी बाजारात उभे असताना उलगडा झाला. एक अडते म्हणाले, "मी हमाल शोधतो आहे." दुसरे म्हणाले, "मी हमालाला शोधतो आहे." पहिल्याला कोणीही चालणार होता. दुसऱ्याला त्याचा ठरलेला, ओळखीचा माणूस हवा होता. पहिला इंग्रजीत 'ए', दुसरा 'द'. म्हणजे जे आपल्याकडे नाही असे वाटत होते, ते 'ला' या प्रत्ययात लपून बसले होते. त्या दिवशी आम्हांला इंग्रजीचा एक नियम कळला, आणि मराठीचाही.

सर्वांत मोठा घोटाळा आदराचा. आपला आदर क्रियापदाच्या शेवटात राहतो. "दे" म्हटले की हुकूम, "द्या" म्हटले की विनंती. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या तिघांना एकच 'यू'. मग "उद्या सुट्टी द्या" याचे आपण "गिव्ह मी लीव्ह टुमॉरो" करतो. आपल्या मनात 'द्या' असते, ऐकणाऱ्याच्या कानात 'दे' पडते. आमच्या ओळखीचा एक मुलगा एवढ्यावरून उर्मट ठरला होता. त्याने "कुड आय टेक टुमॉरो ऑफ, प्लीज?" असे विचारले असते तर तोच मुलगा सभ्य ठरला असता. इंग्रजीत आदर असतो, पण तो 'कुड' आणि 'वुड' या घरांत राहतो. पत्ता माहीत हवा.

हे आपल्यालाच नडते असेही नाही. जर्मन माणसाकडे आपल्यासारखेच तू आणि आपण असे दोन शब्द आहेत, आणि 'यू'पाशी त्यालाही एकच दार सापडते. त्याच्या भाषेत 'मिळणे' याला 'बेकोमन' म्हणतात. तो ऐकायला इंग्रजी 'बिकम'सारखा वाटतो. म्हणून नवखा जर्मन उपाहारगृहात "आय बिकम अ कॉफी" म्हणतो, म्हणजे "मी कॉफी होतो"! यंत्रे बनवण्यात ज्यांचा हात कोणी धरत नाही, त्यांची जर ही गत, तर जिंतूरच्या मुलाने लाजून तोंड बंद का ठेवावे?

पण ओळखीचा वाटणारा शब्द नेहमीच कॉफीवर निभावत नाही. दोन वर्षांमागे वाळूजच्या एका कारखान्यात आमच्या भागातला एक मुलगा लागला. पत्रात 'फिक्स्ड टर्म' असे शब्द होते. आपल्या बोलण्यात "नोकरी फिक्स झाली" म्हणजे पक्की झाली. घरी पेढे वाटले गेले, वडिलांनी त्या भरवशावर लग्न ठरवले. इंग्रजीत त्याचा अर्थ ठरावीक मुदतीची नेमणूक; मुदत संपली की नोकरीही संपली. मुलाने पत्र आमच्याकडे आणले ते मुदत संपल्यावर. हा शब्द आता कायद्यातही बसला आहे. जुने २९ कामगार कायदे चार संहितांत आणले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत मुदतीच्या नेमणुकीची व्याख्याच दिली आहे. तेव्हा तो शब्द प्रत्येक कामगाराच्या घरात नीट समजला पाहिजे.

येथून कागदावरचे इंग्रजी सुरू होते. त्यात गोड उच्चार कामाचा नाही, लहान शब्द कामाचे. 'शॅल' आणि 'मे' सांगितले. 'अँड' आणि 'ऑर' पाहावे. दोन अटी दोन्ही पाळायच्या की एकच, हे त्यावर ठरते. 'फुल अँड फायनल' दिसले की हात आखडावा. 'यापुढे आमचे काही येणे नाही' अशी ती कबुली असते. आधी हिशेब, मग सही. 'नॉटविथस्टँडिंग' हा लांबलचक शब्द आला तर भिऊ नये. 'दुसरीकडे काहीही लिहिलेले असले तरी' एवढाच त्याचा अर्थ, पण त्याच्यापुढचे वाक्य बाकीच्यांवर मात करते. आणि "इट हॅज बीन डिसायडेड," 'असे ठरले आहे', हे वाचले की एकच प्रश्न विचारावा. ठरवले कोणी? कर्त्याला लपवणारे वाक्य इंग्रजी कचेरीला फार आवडते.

आपण स्वतः लिहू लागतो तेव्हा मात्र उलटा दोष येतो. जुन्या अर्जांतले "आय बेग टू स्टेट" आपण अजून उतरवतो. 'बेग' म्हणजे भीक मागणे. आपल्याच रजेसाठी, आपल्याच थकलेल्या मजुरीसाठी भीक का मागावी? साहेब गेला, त्याचा अर्जनवीस मात्र आपल्या लेखणीत बसून राहिला. आम्ही संघटनेत चार गोष्टींचे पत्र लिहायला शिकवतो. विषय काय, घडले काय आणि कोणत्या तारखेला, आमची मागणी काय, उत्तर कधीपर्यंत हवे. "आय रिक्वेस्ट" पुरेसे आहे. विनंतीत मान ताठ राहते.

आमची शिकण्याची रीत साधी होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला जुन्या बाजारातून घेतली आणि रोज पाच वाक्ये मराठीतून इंग्रजीत केली. मग कायद्याची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून रोज एक कलम उतरवले. १९६९ चा माथाडी-हमालांचा कायदा आम्ही असाच वाचला. विषय पोटाचा होता, म्हणून शब्द डोक्यात राहिले. बोलण्यासाठी रेडिओवरची इंग्रजी बातमी ऐकून तीच मोठ्याने म्हणत असू. शेजारी हसत. हसू द्यावे. हसणारा आपली मजुरी भरून देत नाही.

कोणी म्हणेल, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तुम्ही इंग्रजीचे गोडवे गाता? नाही. कागद मराठीत मागणे हा आमचा पहिला आग्रह आहे. कामाच्या स्थायी आदेशांची प्रत इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेतही लावावी, असे १९४६ च्या कायद्यात स्पष्ट होते. तो कायदा आता संहितेत गेला. ती मागणी आपण सोडता कामा नये. पण मराठी प्रत येईपर्यंत इंग्रजी कागद आपली वाट पाहत थांबत नाही.

आपल्या थोरांनी हे ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीत मांडले, आणि मागितले काय? खेड्यांतल्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, सरकारदरबारी अर्ज पोहोचवले, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते गरिबाच्या मुलासाठी. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती उपमा थोडी खटकते. वाघिणीचे दूध पिणाऱ्याने शेजाऱ्यावर गुरगुरावे, असेच पुष्कळदा होते. आम्ही इंग्रजीला कंदील म्हणू. तो आपल्या हातात असला तर मागून येणाऱ्यालाही वाट दिसते.

म्हणून शेवटी एक मागणे. प्रत्येक घरात एक तरी इंग्रजी कागद असतो, ज्यावर आपण न वाचता सही केली आहे. तो उद्या पेटीतून काढा. दर रविवारी सकाळी आम्ही संघटनेच्या खोलीत बसतो; फी नाही, हजेरी नाही. आपला कागद घेऊन या. एक कागद, दहा माणसे आणि एक शब्दकोश, एवढ्यावर वर्ग चालतो. ते म्हातारे हमाल आता नाहीत. त्यांची नात मात्र त्या वर्गाला येते, आणि मागच्या महिन्यात एका करारावरच्या 'मे'खाली तिने स्वतः पेन्सिलीने रेघ ओढली. आम्ही तिला काही सांगितले नव्हते.