मधुमेह : पान आणि पायपीट



मधुमेह हा रोग आपल्या भूमीस नवा नव्हे. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आणि रोग्यांचे दोन वर्ग केले : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला छत्र व पादत्राण त्यागून, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालावयास सांगितले. त्यातील पादत्राण त्यागण्याचा भाग आजच्या रोग्याने सोडून द्यावा, त्याचे कारण पुढे येईल. चालण्याचा उपदेश मात्र अद्याप शिळा झालेला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असे आढळले. महाप्रसादाच्या पंगतीत चार पाने मांडली, तर त्यांतील एक मधुमेह्याचे, असाच याचा अर्थ.

या पानाविषयीच गैरसमज फार. चहात साखर नको म्हणून बजावणारा गृहस्थ दुपारी भाताचे दोन डोंगर निमूटपणे पार करतो आणि आपण पथ्य पाळले अशा समाधानाने वामकुक्षी घेतो. भात, पाव, साबुदाणा यांतील पिष्टाची पोटात अखेर साखरच होते. गूळ हाही साखरेचाच भाऊ. रंग तेवढा निराळा. उकड्या तांदळाचा भात सडीक सुरयेपेक्षा बरा, परंतु तो बरा म्हणून दुप्पट वाढून घेतल्यास लाभ उरत नाही. पानाचा अर्धा भाग तांबडी भाजी, भेंडी, दुधी, दोडकी यांनी भरावा. पाव भाग कुळीथ, मूग, अळसांदे किंवा हुमणातील मासळी यांना द्यावा. उरलेल्या पावात भात. यात परके असे काहीच नाही, केवळ प्रमाण उलटे करावयाचे आहे. मणगणे प्रसाद म्हणून चमचाभर घेतल्याने अनर्थ होत नाही. वाटीमागून वाटी घेतल्याने होतो. वाढणाऱ्यांनीही आग्रहाला आवर घालावा.

व्यायामाचे मर्म असे की, चालताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात व इन्सुलिनचे कार्य सुकर होते. चेन्नई येथे ५३१ जणांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील सर्वजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. तीन वर्षांत, नेहमीसारखे राहिलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर आले. आठवड्यात पाच दिवस तीस मिनिटे झपझप चालणे पुरे. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या घातल्या तरी उपयोग होतो. कोपऱ्यावरच्या पोदेराकडेही स्कूटरवरून जाणाऱ्यास वेळ नसल्याची सबब शोभत नाही. मात्र औषधे चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

उपवासाविषयी विशेष सावधगिरी हवी. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने निराहार राहिल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाते. दरदरून घाम, हातांना कंप, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. घरची माणसे उपवासाचा शीण समजून अशा माणसाला निजवतात, आणि तेथेच घात होतो. शुद्धीवर असेल तर तीनचार चमचे साखर पाण्यात घालून तत्काळ द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता इस्पितळ गाठावे. व्रताचा संकल्प सोडण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारलेले बरे.

आता पादत्राणाविषयी. दीर्घकाळच्या मधुमेहाने पावलांची संवेदना मंदावते. भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्यास फोड आल्याचे कळतही नाही. फोडाची जखम होते, ती चिघळते, आणि बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते. अशांनी प्रदक्षिणा सकाळी ऊन चढण्यापूर्वी वा सांजवेळी घालावी, प्राकाराबाहेर पडताच वहाणा चढवाव्यात, आणि रात्री निजण्यापूर्वी तळवे उजेडात नीट पाहावेत. वाकवत नसेल तर आरसा धरावा. दृष्टी अधू असेल तर नातवंडास पाहावयास सांगावे.