आधी कोण गेले?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंपाने घरे कोसळली; अशा आपत्तीत एकाच छताखालच्या माणसांपैकी आधी कोण दगावले हे सांगता येत नाही, आणि वारसाहक्क तर त्या क्रमावरच अवलंबून असतो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चे कलम 21 अशा वेळी, विरुद्ध पुरावा नसल्यास, वयाने लहान व्यक्ती मोठ्या व्यक्तीच्या पश्चात जिवंत होती असे गृहीत धरते. गृहीतक रूक्ष आहे, पण उपयोगी. कारण त्यामुळे मृत्युपत्र न करता गेलेल्या पित्याच्या मालमत्तेतील मुलाचा वाटा आधी त्याचा ठरून मग त्याची पत्नी, अपत्ये व आई यांच्याकडे जातो.

मृत्युपत्र, म्हणजे आपल्या पश्चात मालमत्ता कोणाला मिळावी हे सांगणारा दस्त, सामान्यतः दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला लागतो, नोंदणी मात्र ऐच्छिक असते. त्यात पर्यायी लाभार्थीही नेमता येतो.