अंग बाहेर येतं, त्याबद्दल बोलू या

आज आम्ही बचतीचा विषय घेतलेला नाही. कर्ज मध्ये एकदा येईल, पण बोलायचंय वेगळंच. घरात पुरुषमाणसं असली तरी रेडिओ बारीक करू नका. त्यांच्याही कानावर जाऊ द्या.

विषय आहे अंग बाहेर येण्याचा. कुणी 'अंग खाली आलंय' म्हणतं, कुणी 'पिशवी सरकली' म्हणतं, आणि बऱ्याच जणी काहीच म्हणत नाहीत.

आम्ही गावोगावच्या गटांच्या बैठका घेतो. हप्ते जमा होतात, वहीवर सह्या होतात, बायका पदर सावरून उठायला लागतात आणि तेवढ्यात कुणीतरी आमच्या कानाशी येते. "ताई, बसलं की खाली गोळा लागतो." "ताई, लघवी पुरती होत नाही, बोटानं आत सारावं लागतं." कधीपासून विचारलं, तर उत्तर येतं, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा आता बारावीला असतो! एवढी वर्षं ती बाई खुरपायला गेली, पाणी भरलं, लग्नकार्यात शंभर माणसांचं रांधलं, आणि हे दुखणं पातळाच्या आत ठेवून फिरली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. जवळ येऊ देत नाही म्हणून त्याची बोलणी मात्र खाल्ली.

हे होतं तरी कसं? जुनी सुंभाची बाज आठवा. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची तशीच वीण असते. तिच्यावर आणि वरून धरणाऱ्या बंधांवर गर्भपिशवी, लघवीची पिशवी आणि शौचाच्या जागेचं आतडं तोललेलं असतं. सुंभ सैल पडलं की बाजेला झोळ येतो. तसा इथेही झोळ येतो आणि पिशवी खाली उतरते. कधी पिशवी जागेवर असते, पण पुढची लघवीची पिशवी किंवा मागचं आतडं फुगून पुढे येतं. सुरुवातीला नुसतं जड वाटतं, कंबर ओढते. दिवसभर काम केलं की संध्याकाळी जास्त, आडवं झालं की बरं. मग हळूहळू गोळा हाताला लागतो. खोकताना, हसताना लघवी सुटणं हेही याच सैलपणातून येऊ शकतं.

ही वीण सैल होते ती जास्त करून बाळंतपणात. फार वेळ अडलेलं बाळंतपण, पाठोपाठची मुलं, पिशवीचं तोंड उघडायच्या आधीच "दे जोर, दे जोर" म्हणून द्यायला लावलेल्या कळा. त्यावर बाळंतपणानंतरचं ओझं. आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत होती, पण कितीजणींना ती मिळते? बारसं झालं की बाराव्या-तेराव्या दिवशी सून हंडा घेऊन नळावर. पुढे वर्षानुवर्षं सरपणाची मोळी, वाळूचं घमेलं, उसाची मोळी. चुलीच्या धुरानं जडलेला खोकला आणि कुंथायला लावणारी बद्धकोष्ठता यांनीही खालच्या बाजूला जोर बसतो. पाळी गेल्यावर तर स्नायू आणखी ढिले पडतात. यात करणी नाही, पाप नाही, आणि बाईच्या चालीशी तर काडीचाही संबंध नाही. हे सांगावं लागतं, कारण असं बोलणारे आम्हाला भेटले आहेत.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना अंगावरचं किंवा पाळीचं काही ना काही दुखणं निघालं, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला पस्तीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या बैठकांतली कुजबुज ऐकली की वाटतं, बोलण्याच्या बाबतीत आपण फार पुढे गेलेलो नाही.

आता कर्जाची गोष्ट. आमच्या एका गटात एका ताईनं चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं, 'पिशवीचं ऑपरेशन.' वय अडतीस. तिला एका खासगी दवाखान्यात सांगितलं होतं, पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल. गटातल्या बायकांनी कर्जाला नाही म्हटलं नाही. पण आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, असं ठरवलं आणि दोघी तिच्याबरोबर उपजिल्हा रुग्णालयात गेल्या. तिथल्या बाईडॉक्टरांनी तपासून कडी बसवली. ताई आज शेळ्या राखते आहे. ते चाळीस हजार उचलावेच लागले नाहीत.

तेव्हा हे नीट ऐका. अंग बाहेर येणं म्हणजे कॅन्सर नाही आणि त्यातून कॅन्सर होतही नाही. नुसती पिशवी काढून टाकली म्हणजे बाजेचं सुंभ घट्ट होत नाही. आधाराची दुरुस्ती केली नाही, तर पिशवी काढल्यावरही झोळ पुन्हा खाली येऊ शकतो. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तरण्या वयात पाळी जाते, अंगात वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशन कधीच करू नये, असं आम्ही म्हणत नाही. काहीजणींना ते लागतंच. पण ती पहिली पायरी नव्हे.

पहिली पायरी व्यायामाची. थोडंच खाली आलं असेल तर यानं खूप फरक पडतो. लघवी मध्येच अडवताना जे स्नायू आवळतो, ते ओळखा. मग लघवीच्या वेळी नाही, तर एरवी बसल्या बसल्या तेच आवळून पाच आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. गटाच्या बैठकीत बसूनही करता येतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही. तीन महिने सोडू नका. हंडा उचलताना आधी श्वास सोडत खालून आवळा, मग उचला. आणि जमेल तिथे हंड्याऐवजी दोन लहान कळशा करा.

दुसरी पायरी कडीची. बांगडीएवढी मऊ कडी असते, माप घेऊन डॉक्टर आत बसवतात आणि पिशवी वर राहते. कामधंदा, पाळी सगळं चालू राहतं. फक्त सांगितलेल्या तारखेला, बहुतेक तीन ते सहा महिन्यांनी, तपासून स्वच्छ करून घ्यायला जावंच लागतं. घरी मनानं चिंध्या किंवा चेंडू आत ठेवणाऱ्या बायका आहेत. ते करू नका, जखम होते, पू होतो.

लघवी अडली, बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, घाण वास यायला लागला, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दवाखान्यात आणखी एक गंमत होते. तपासायच्या टेबलावर आडवं झालं की गोळा आपसूक आत जातो आणि डॉक्टर म्हणतात, काही नाही. म्हणून आधीच सांगा, "मला उभं असताना आणि जोर केल्यावर बाहेर येतं." खोकून दाखवा, जोर करून दाखवा. मुलं किती, बाळंतपण कसं झालं, लघवी-शौचाचा त्रास काय, हे बोला. बाईडॉक्टर कोणत्या वारी असतात ते आशाताईला विचारून जा. पुरुष डॉक्टर असले तर ओळखीची बाई किंवा नर्स आत थांबू द्या म्हणा, तो तुमचा हक्क आहे. ऑपरेशन सांगितलं तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा आणि महात्मा फुले योजनेत ते बसतं का, कोणत्या रुग्णालयात बसतं, ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.