काचेवरची पिचकारी

श्रोतेहो, गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी उडवणारी छोटी पिचकारी असते ना, तिच्याविषयी आज बोलणार आहे. विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे ही पिचकारी तशी बिनकामाचीच. काच मळली तर बादलीभर पाणी आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन ती पुसायची, ही आपली पद्धत. पिचकारीच्या टाकीत कधी आठवण झालीच तर नळाचं पाणी ओतायचं. मीही तेच करत आले होते. इंग्लंडला गेले तेव्हाही तेच केलं, आणि त्यापायी एका माणसाचा जीव माझ्या हातून जाता जाता राहिला.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची साताऱ्याची. काही वर्षं मी इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड या गावी राहत होते आणि कामाला बर्मिंगहॅमच्या बाजूला जात होते. ज्यांना हॉस्पिटलात येता येत नाही अशा वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. त्यामुळे गाडी ही चैन नव्हती. ती थांबली की कुणाची तरी पावलं थांबायची.

डिसेंबर २०१०. ब्रिटनमध्ये १९१० पासून ज्या देशभरच्या नोंदी आहेत, त्यांतला हा सर्वांत थंड डिसेंबर ठरला. सकाळी पारा उणे आठ-नऊवर. बर्फ म्हटलं की आपल्याला सिनेमातला पांढराशुभ्र बर्फ आठवतो. रस्त्यावरचा बर्फ तसा नसतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. चेशर परगण्यात विन्सफर्डला मिठाची मोठी खाण आहे, तिथलं हे तपकिरी खडेमीठ. मीठ आणि बर्फ मिळून रस्त्यावर एक राड होते, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून ती थेट आपल्या काचेवर येते. तिथल्या थंडीत पिचकारी पावसाळ्यापेक्षा जास्त लागते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. त्या दिवसांत बर्मिंगहॅमला भर दुपारी बारा वाजतासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर असतो. त्याच दिवशी साताऱ्यात तो एकोणपन्नास अंशांवर असतो. म्हणजे तिथे सकाळी जे ऊन येतं ते डोक्यावर येत नाही, सरळ डोळ्यांत येतं. आणि स्टॅफर्डहून बर्मिंगहॅमकडे जाणारा एम-सिक्स हा मोटारमार्ग आग्नेयेला जातो. बरोबर उगवत्या सूर्याच्या तोंडावर.

त्या सकाळी पावणेनऊचा सुमार असेल. मी ताशी साठ मैलांनी चालले होते. शेजारून एक ट्रक पुढे गेला आणि त्यानं माझ्या काचेवर चिखलाचा सडा घातला. मी सवयीनं दांडी ओढली. मोटारीचा घुर्र आवाज आला, पाणी आलं नाही. पाण्याबरोबर वायपर मात्र सुरू झाले होते. त्यांनी तो खारट चिखल काचभर सारखा लिंपून काढला, अंगण सारवावं तसा. आणि त्यावर समोरून ऊन पडलं. समोर काही म्हणजे काही दिसेना. नुसती पांढरी भिंत.

साठ मैलांच्या वेगाला गाडी एका सेकंदात सत्तावीस मीटर जाते. मी बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, आरशात बघितलं आणि रस्त्याकडेची पांढरी रेघ धरून हळूहळू डावीकडच्या थांब्याच्या पट्टीवर गाडी घेतली. गाडी उभी राहिली. मी तिकडच्या नियमाप्रमाणे डावीकडच्या दारानं उतरून कठड्यापलीकडे गेले. तेव्हा मला पुढचं दिसलं. माझ्यापुढे, फार तर चाळीस मीटरवर, त्याच पट्टीत एक व्हॅन उभी होती आणि एक माणूस वाकून चाक बदलत होता. मी अजून दीड सेकंद उशिरा थांबले असते तर...

त्या माणसाला यातलं काही कळलं नाही. त्यानं काम उरकलं, माझ्याकडे बघून हात हलवला आणि निघून गेला.

मी गाडीतली प्यायच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली. खालच्या भागात हीटरची ऊब होती, तिथे पाणी ओघळलं. वरच्या भागात ते जिथल्या तिथे गोठलं, नक्षी उमटली. शेवटी महामार्गाच्या गस्तीवरचा माणूस आला. त्यानं आपल्या कॅनमधलं निळं द्रावण फडक्यावर घेऊन काच पुसून दिली आणि विचारलं, ‘टाकीत पाणी आहे का?’ मी अभिमानानं म्हटलं, ‘भरलेली आहे!’ तो म्हणाला, ‘तेच तर.’ मग त्यानं शांतपणे सांगितलं, की काच धुण्याची सोय चालू असणं तिथे कायद्यानं सक्तीचं आहे. ती चालत नसेल तर गाडी वार्षिक तपासणीत नापास होते.

संध्याकाळी मी पाच लिटरचा निळा कॅन आणला. आता उपाय सुरू झाले. शेजारच्या आजोबांनी सुचवलं, किटलीभर उकळतं पाणी ओत. ते मी केलं नाही, कारण गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की ती तडकू शकते, आणि ते पाणी पुन्हा गोठतंच. दुसऱ्या एकानं सांगितलं, इंजिनच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट घाल. तेही न गोठणारं असतं हे खरं. पण त्यातलं ग्लायकॉल उडून जात नाही, काचेवर तेलकट थर धरतं. शिवाय ते चवीला गोडसर आणि जहरी. खाली ठिबकलेलं चाटून मांजरं मरतात, मूत्रपिंडं निकामी होऊन. सुचवणाऱ्याच्याच घरी दोन मांजरं होती.

कॅनमधलं द्रावण म्हणजे साधारणपणे अल्कोहोल, पाणी आणि थोडा साबण. अल्कोहोलमुळे ते शून्याखाली जाऊनही गोठत नाही. मी कॅनचं तोंड उघडलं आणि टाकीत उरलेल्या जागेत मावेल तेवढं ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी ओढली. पुन्हा घुर्र. पुन्हा काही नाही.

त्या रात्री मी नानांना फोन केला. माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभं आयुष्य मेकॅनिक म्हणून काढलं. थंडी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे दवाचे हिमकण होतात, तेवढीच त्यांना ठाऊक. मी म्हटलं, ‘नाना, तुम्ही बर्फातली गाडी कधी बघितलीय का? तुम्हाला काय सांगू!’ ते म्हणाले, ‘बर्फाचं राहू दे. टाकीत काय ओतलंस ते मी विचारत नाही. नळीत काय आहे?’

मी गप्प.

‘अगं, डिझेल संपून गाडी बंद पडली, तर नुसती टाकी भरून ती चालू होते का? एअर काढावी लागते. पंप मारून मारून नवं डिझेल पुढपर्यंत आणावं लागतं. तुझ्या नळीत अजून जुनं पाणीच बसलंय. आणि नळीचं तोंड सुईएवढं. गोठेल तर आधी तेच गोठेल.’

श्रोतेहो, अख्ख्या स्टॅफर्डमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते साताऱ्याहून कळलं. टाकीत इंजिनच्या आसपासची थोडी तरी ऊब पोचते. बॉनेटवरच्या त्या बारीक तोंडांना मात्र गाडी पळत असताना गार वारा सरळ झोंबतो. तुम्ही टाकीत कितीही भारी द्रावण ओता, नळीत आणि तोंडात उन्हाळ्यातलं पाणी असेल तर बूच तिथेच बसतं. आणि बूच बसलेलं असताना दांडी ओढत राहिलं तर बिचाऱ्या पंपाचा फ्यूज जातो, नाहीतर मोटार जळते. टाकी काठोकाठ साध्या पाण्यानं भरलेली असेल तर आणखी एक धोका. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि टाकीला चीर जाते.

मग एका सुपरमार्केटच्या तळघरातल्या वाहनतळावर मी दोन तास गाडी उभी केली. तिथे चार अंश तरी ऊब होती. नळ्या सुटल्या. टाकीतलं सगळं पातळ झालेलं पाणी उडवून संपवलं. दहा सेकंद दांडी ओढायची, मग पंपाला विश्रांती, परत दहा सेकंद. मग कॅनमधलं द्रावण, पाणी न घालता, लेबलवरचं तापमान वाचून भरलं. आणि काचेवर निळं पाणी येऊन अल्कोहोलचा वास नाकात शिरेपर्यंत पुन्हा पंप मारला. मागच्या काचेची नळी तर छतावरून फिरून जाते. तिथे निळं यायला पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

लेबलवरच्या आकड्याबद्दल एक सांगायला हवं. तो आकडा बाटलीतल्या द्रावणाचा असतो. गार काचेवर, वेगाच्या वाऱ्यात त्यातलं अल्कोहोल आधी उडतं, उडताना काचेची ऊब घेऊन जातं, आणि मागे राहतं पाणी. ते गोठतं. म्हणून निघाल्या निघाल्या पिचकारी मारायची नाही. हीटरनं काच थोडी कोमट होऊ द्यायची. मी हे शिकले तेही डोळ्यांपुढे एकदा पडदा आल्यावरच. अमेरिकेत आणि कॅनडात या द्रावणात मिथेनॉल असतं, तेही विषच. युरोपीय संघानं २०१९ पासून सर्वसामान्यांना विकायच्या द्रावणातल्या मिथेनॉलवर कडक मर्यादा घातली आहे. पण कुठलंही असो, उरलेलं द्रावण कृपा करून पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. निळं सरबत म्हणून मूल ते पिऊन बसेल.

आणि उन्हाळ्यात तरी नळाचं पाणी चालेल, असं म्हणाल तर त्यालाही २०१० सालीच एक धक्का मिळाला होता. इंग्लंडमधल्या आरोग्य संरक्षण संस्थेच्या संशोधकांना असं आढळलं, की टाकीत नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांना लीजनेअर या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसतो. कोमट, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासात जातात.

आता मी साताऱ्यात परतले आहे, आणि इथे हे सगळं सांगायला कारण घडलं. माझा भाचा पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन ऐन जानेवारीत लाहौलला निघाला. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग बंद, म्हणजे विषयच संपला. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि सिस्सू, केलाँगपर्यंत आपल्याकडच्या गाड्या हिवाळ्यातही जाऊ लागल्या. टाकीत पुण्याचं पाणी घेऊन! आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी द्रावणं नुसती काच साफ करण्यासाठी असतात. लेबलवर गोठण्याचं तापमान लिहिलेलं नसेल, तर ते थंडीसाठी नाही असंच धरून चालावं.

भाचा निघण्याआधी साताऱ्याला आला. मी त्याला अंगणात बॉनेट उघडायला लावलं. टाकी रिकामी केली, शोधून आणलेलं द्रावण भरलं. पुढच्या काचेवर निळी धार आली तसा तो ‘झालं, मावशी’ म्हणून बॉनेट लावायला लागला. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही, पण दिसतं.

‘मागचं राहिलं,’ ते म्हणाले.